भुयारात राहते कोण?

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच साहित्यावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांमध्ये ‘डंजन’ या शब्दाला मानाचे स्थान आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या नावातच भुयार होते. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. भुयाराचा नकाशा त्याने आधीच काढलेला असतो आणि तो इतरांपासून लपवलेला असतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेऊन आत शिरतात. सूत्रधार जे वर्णन करील त्यावरून आपली चाल ठरवतात आणि यशापयशाचा निर्णय फाशांवर सोपवतात. संगणकावरील असंख्य खेळांनी पुढे हीच कल्पना उचलली. पुण्या-मुंबईतील तरुणांनाही हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही.

खेळाने पन्नाशी ओलांडली, तरी त्यातील एक तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. भुयार खरे वाटत नाही! एकामागून एक दालने, प्रत्येक दाराआड एक श्वापद, प्रत्येक श्वापदामागे एक पेटी. ही श्वापदे खातात काय? पाणी कोठून आणतात? चार फुटी दारातून हा अजस्र प्राणी आत आला कसा? आणि शतकानुशतके कोणी पाऊल न ठेवलेल्या या बोळात भिंतीवरच्या मशाली पेटवतो कोण? दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुलेसुद्धा पायथ्याशी विहीर करतात, अळीव पेरून शेत उगवतात, मावळ्यांना वर जाण्यासाठी वाट ठेवतात. कसलेल्या सूत्रधाराच्या नकाशात मात्र पुष्कळदा ना विहीर असते, ना वाट.

या दोषाचे मूळ शब्दातच असावे, असे म्हणण्यास जागा आहे. ‘डंजन’ हा शब्द फ्रेंच ‘दोंजाँ’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ गढीच्या मध्यभागी उभा असलेला मुख्य बुरूज, म्हणजे आपल्याकडील बालेकिल्ला. तेथे कैदी ठेवले जाऊ लागले, मग त्याच्या तळातल्या कोठडीला हे नाव चिकटले आणि उंच बुरुजाचा शब्द जमिनीखाली गेला. खेळात तर त्याचा अर्थ ‘जमिनीखालचे काहीही’ इतका सैल झाला आहे. मराठीत अशी मोघम सोय नाही. भुयार वेगळे, तळघर वेगळे, अंधारकोठडी वेगळी. पेव, बळद, टाके, लेणे, सुरुंग, दारूकोठार ही प्रत्येक जागा निराळी आणि तिचे नाव उच्चारताच ती कोणी व कशासाठी केली हे कळते. पेवात धान्य, टाक्यात पाणी, लेण्यात देव किंवा भिक्षू. नकाशावर चौकोन काढून त्यात ‘खोली क्रमांक १७’ असे लिहिण्याऐवजी यांपैकी एक शब्द लिहिला, तरी निम्मे काम होते.

उरलेल्या निम्म्या कामासाठी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याइतकी उपयुक्त पाठशाळा क्वचितच सापडेल.

बागेखालचा महाल

मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ, सीना नदीकाठी नगर वसवले. तेथला भुईकोट प्रथम मातीचा होता. हुसेन निजामशहाने १५५९ पासून तो दगडात बांधून काढला. घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, भोवती सुमारे तीस मीटर रुंद खंदक, आत सोनमहाल, गगनमहाल अशा नावांच्या इमारती. १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला, १७५९ मध्ये पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीकडे. या प्रत्येक मालकाने आधीच्या मालकाची घरे आपल्या सोयीने वापरली, पाडली किंवा बुजवली. राजवाडा होता तेथे तुरुंग झाला. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी पकडलेल्या नाना फडणविसांना येथेच ठेवले होते. बोअर युद्धातील कैदी येथे आले आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्यही येथेच आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, पट्टाभी सीतारामय्या आदी बारा नेते १९४५ पर्यंत या तटबंदीच्या आत होते.

नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये येथेच लिहिला. त्याच्या आरंभीच त्यांनी तुरुंगाच्या आवारात केलेल्या बागकामाची हकिगत दिली आहे. माती निकृष्ट, दगडगोट्यांची. ती उकरता उकरता कुदळीला जुन्या भिंती लागल्या आणि घुमटांचे माथे लागले. फार खोल खणण्यास अधिकाऱ्यांची अनुमती नव्हती आणि साधनेही नव्हती. एकदा मात्र भिंतीच्या दगडात कोरलेले एक सुंदर कमळ उघडे पडले. ते बहुधा एखाद्या दाराच्या वर असावे.

फुलझाडांचा वाफा, त्याखाली घुमट, घुमटाखाली दार आणि दारावर कमळ. कोणत्याही सूत्रधाराला हेवा वाटावा असे हे भुयार आहे आणि ते कोणीही ‘भुयार’ म्हणून बांधलेले नाही. ते एकेकाळी जमिनीवर होते. वरची जमीन चढत गेली, म्हणून ते खाली गेले.

विश्वसनीय भुयाराचे रहस्य मुख्यतः येथे आहे. त्या जागेला आधी दुसरे आयुष्य असले पाहिजे आणि त्या आयुष्याच्या खुणा चुकीच्या ठिकाणी सापडल्या पाहिजेत. दारूकोठारात मिहराब, कोठडीच्या छताला रंगीत नक्षी, तबेल्यात कारंज्याचा हौद. खेळाडू अशा खुणेपाशी थबकतो, कारण तिचा शोध घेता येतो. कमळ असलेले दार उजवीकडे असेल, तर दरबार डावीकडे असणार, असा तर्क त्याला करता येतो आणि तो तर्क बरोबर ठरल्याचा आनंद पेटीतल्या मोहरांपेक्षा मोठा असतो. खेळाच्या इतिहासात जेनेल जॅक्वेज यांचे ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) हे भुयार याच कारणाने आजही नावाजले जाते. त्यात एकावर एक साचलेल्या संस्कृतींचे थर आहेत आणि आत शिरायला व बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा आहेत.

थरांचा विषय निघालाच आहे तर प्रवरेकाठच्या दायमाबादचा उल्लेख करायला हवा. तेथील उत्खननात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकाखाली एक मिळाले. शिवाय १९७४ मध्ये, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला त्याच वर्षी, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार जड धातुमूर्ती तेथे एका शेतकऱ्याला जमीन उकरताना सापडल्या. ना कुलूप, ना सापळा, ना राखणदार. खजिना असा सापडतो. आणि जोर्वे संस्कृतीच्या घरांत जमिनीखाली आणखी काय सापडते, तर कुंभांत पुरलेली लहान मुले. घराच्याच भुईखाली आईबापांनी ती ठेवलेली. अशा जागी शिरलेल्या खेळाडूने ‘आत काय आहे ते फोडून पाहतो’ असे म्हटले, की टेबलावर क्षणभर शांतता पसरते. ती शांतता कोणत्याही राक्षसाने निर्माण केलेली नसते.

दहा किलोमीटरांचा हिशेब

महाराष्ट्रात असा किल्ला किंवा गढी विरळा, जिथून दूरच्या कुठल्या तरी ठिकाणी भुयार जाते असे गावकरी सांगत नाहीत. घोडेस्वार भाल्यासकट जाईल एवढे रुंद, हा तपशीलही ठरलेला. या कथांना नाके मुरडण्याचे कारण नाही. पण नकाशा काढणाऱ्याने एकदा हिशेब मांडून पाहावा.

समजा, नगरच्या भुईकोटातून शहाडोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीपर्यंत (लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात) भुयार खणायचे आहे. हिशेबासाठी अंतर दहा किलोमीटर धरू. दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भुयार म्हटले, तर चाळीस हजार घनमीटर दगड बाहेर काढावा लागेल. नगरचा दगड काळा बसाल्ट. त्याचे वजन एक लाख टनांवर जाते. आजच्या भाषेत दहा टनी ट्रकच्या दहा हजारांहून अधिक खेपा. तो ढिगारा कुठे आहे? दोन्ही टोकांकडून रोज एकेक मीटर काम झाले असे मानले, तरी जवळजवळ चौदा वर्षे लागतात आणि उभी निजामशाहीच दीडशे वर्षांपेक्षा कमी टिकली. शिवाय किल्ल्याभोवती खंदक आहे, म्हणजे भुयार आधी खंदकाच्या तळाखाली उतरले पाहिजे आणि मग डोंगरावर चढले पाहिजे. खंदकाचे पाणी त्यात पाझरणार नाही, याची हमी कोणी द्यायची?

याचा अर्थ खेळात लांब भुयार असू नये असा नाही. ते असले तर त्याचा ढिगारा कुठे तरी दिसला पाहिजे. त्यावर एखादे गाव वसलेले असावे किंवा त्याच दगडात गावाची मशीद नि मारुतीचे देऊळ उभे असावे. खणणाऱ्यांची वस्ती असावी. मजुरी कोणी दिली याची एखादी जुनी तक्रार असावी. जमिनीखाली हरवलेला दगड जमिनीवर सापडला, की खेळाडू भुयारात उतरण्यापूर्वीच त्याच्यावर विश्वास ठेवू लागतो. आणि हिशेब जमत नसेल, तर त्याहून उत्तम: भुयाराची अफवा तशीच ठेवावी आणि भुयार ठेवू नये. गावकऱ्यांनी ठामपणे सांगितलेली वाट पन्नास पावलांवर भिंतीत संपावी आणि ती मुळात एक चोरदिंडी किंवा बुजलेला पाण्याचा मार्ग निघावा. खऱ्या किल्ल्यांवर पुष्कळदा हेच घडते.

परदेशी छापाच्या भुयारांची एक सवय येथे सोडून द्यावी लागते. छतावरून लोंबणारे आणि जमिनीतून उगवणारे चुनखडीचे सुळके, त्यांतून वाहणारी नदी, मैलोन्‌मैल पसरलेल्या गुहा हे सारे चुनखडीच्या प्रदेशाचे वैभव आहे. नगर जिल्हा लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. येथे बहुतेक मोठ्या पोकळ्या माणसाने छिन्नीने केलेल्या आहेत, म्हणजे त्यांना कोपरे आहेत, खांब आहेत आणि हेतू आहे.

पाणी, हवा आणि पेव

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरचे लेणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गाभारा मध्ये ठेवून त्याभोवती प्रदक्षिणामार्ग खडकातच सोडलेला. खेळातल्या भाषेत बोलायचे तर एक दालन आणि त्याभोवती फिरून पुन्हा तेथेच येणारा बोळ. पण तो बोळ शत्रूला फसवण्यासाठी नसून देवाला उजवी घालण्यासाठी आहे. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत भव्य शिवलिंगाभोवती थंडगार पाणी साठलेले असते आणि प्रदक्षिणा त्या पाण्यातूनच घालावी लागते. लिंगाभोवती चार खांब होते, त्यांपैकी एकच धड उभा आहे. तोही कोसळला की युगान्त होणार, अशी समजूत आहे. एक खांब, गुडघ्यांना गोठवणारे पाणी आणि एक समजूत. सूत्रधाराला यावर आणखी काही रचण्याची गरज नाही. मशाल विझू न देता पाण्यातून जायचे कसे, एवढाच प्रश्न पुरेसा आहे.

पाणी हा भुयाराचा पहिला मालक. नगर शहराला निजामशाहीत कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी, जमिनीखालून पाणी येत असे. अशा नळांना ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवावे लागतात. तेथून हवा निघते, गाळ काढता येतो आणि माणूस उतरू शकतो. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल तर तलावाच्या मधोमध उभारलेला होता. म्हणजे या नगरीच्या पोटात खरोखरच बोगद्यांचे जाळे होते. फक्त त्यातून सरदार पळून जात नव्हते, पाणी येत होते. खेळातील पथकाला नगरात गुप्तपणे शिरायचे असेल, तर कोठेतरी दरवाजा ‘असावा’ असे मानण्यापेक्षा उच्छ्वासातून शिरणे कितीतरी अधिक पटते. मग ओघानेच पुढचे प्रश्न येतात. नळ किती रुंद? गाळ काढणारे कामगार कधी येतात? आणि आत शिरलेल्यांनी पाणी गढूळ केले, तर हौदावर पाणी भरणाऱ्या बायकांच्या ते किती वेळात लक्षात येईल?

हवेचा विचार याहूनही कमी होतो. खेळाचे नियम मशाल तासभर जळते असे सांगतात. पण मशाल हवा खाते आणि धूर सोडते, हे बहुतेक नकाशे विसरतात. या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणाच्या नियमपुस्तकाची गरज नाही. जमिनीत खणलेल्या पेवात धान्य किंवा सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवली जाई. बंद पेवात धान्य श्वसन करते, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उडी टाकत नसे. ते काही काळ उघडे ठेवत, दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. ही काळजी न घेतल्याने माणसे दगावलेली आहेत आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसराही दगावतो, हे त्यातले भयंकर. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आता निवडणुकीतल्या उमेदवारांपासून शिकवणी वर्गांपर्यंत कशालाही वापरतो, पण भुयारात उतरलेल्या पथकाच्या हातातील ज्योत मंद होऊ लागते, तेव्हा त्या पेवाची आठवण व्हावी. इथे ना श्वापद आहे, ना जादू. आणि ही भीती खोटी म्हणता येत नाही.

पाच सुरुंग

भुयार स्थिर असते, हा आणखी एक गैरसमज. खेळाडू तिसऱ्या दालनात तलवारी खणखणवत असताना चौथ्या दालनातले रहिवासी निमूट बसून राहतात, असे अनेक तयार नकाशांत गृहीत धरलेले असते. १५९५-९६ मधील नगरच्या वेढ्याने या गृहीतकाला कायमचे उत्तर दिलेले आहे.

शहाजादा मुराद याच्या मोगल सैन्याने किल्ल्याला वेढा दिला आणि तटाखाली सुरुंग खणले. इतिहासकार फिरिश्ता यांच्या वृत्तान्तानुसार ते पाच होते. मोगल छावणीतीलच एकाने रात्री किल्ल्यात येऊन सुरुंगांच्या जागा सांगितल्या. चांदबिबीच्या माणसांनी आतून उलटे खणण्यास सुरुवात केली. दोन सुरुंग सापडले, निकामी केले गेले. बाकीच्यांचा शोध चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. तट फुटला, खणणारे अनेक जण गाडले गेले. भगदाड पडलेले पाहून सरदार पळू लागले, तेव्हा चांदबिबी बुरखा घेऊन, हाती तलवार धरून भगदाडापाशी उभी राहिली. दिवसभराचे हल्ले परतवले गेले आणि रात्रीत भिंत पुन्हा उभी केली गेली. अखेर तह झाला, वऱ्हाड मोगलांना मिळाले. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला, पुन्हा सुरुंग उडाले आणि त्या वेळी चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली.

यात भुयाराचा नकाशा दर तासाला बदलतो. बाहेरचे आत खणतात, आतले बाहेर खणतात, मध्ये मातीचा एक पडदा उरतो आणि पलीकडून कुदळीचा आवाज येतो. कोण कोणाच्या भुयारात शिरला आहे, हे सांगणेही कठीण. बातमी सर्वांत मोठे शस्त्र ठरते, वेळ दुसरे. जिथे खेळाडूंनी केलेल्या गोंगाटाचा परिणाम दोन दालनांपलीकडे होतो, रहिवासी अडथळे रचतात, वाटा बुजवतात, निरोप पाठवतात, तडजोड करू पाहतात, तो खेळ या वेढ्याच्या जवळ जातो.

सापळ्यांबद्दल मात्र हात आखडता घेतलेलाच बरा. सापळ्यांचे खरे भुयार पाहायचे तर निजामशाहीचीच पुढली राजधानी असलेल्या दौलताबादला जावे लागते. तेथील ‘अंधारी’ ही खडकातून वळणे घेत वर जाणारी काळोखी वाट आहे. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि त्यावर आग पेटवून वाट बंद करण्याची सोय होती. खेळातल्या कुठल्याही सापळ्याहून ही रचना सरस आहे, कारण तिच्यात गुंतागुंत नाही: एक वाट, एक आग. सापळा लावणाऱ्याला रोज स्वतः त्याच वाटेने ये-जा करायची असते, हे ध्यानात घेतले की नकाशावरचे निम्मे सापळे खोडावे लागतात. आणि एवढे करूनही १६३३ मध्ये दौलताबाद पडले ते उपासमारीने आणि वाटाघाटीने. त्याआधी यादवांच्या काळी, अल्लाउद्दीनच्या स्वारीत, धान्य समजून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाल्याची कथा सांगितली जाते. तेव्हा भुयाराचे कोठीघर कुठे आहे आणि त्यात किती दिवसांचे धान्य आहे, हे सापळ्यांच्या आधी ठरवावे.

रहिवाशाची बाजू

गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (१९७९) या गाजलेल्या साहसात एका दरीच्या दोन्ही अंगांना गुहा आहेत आणि प्रत्येकीत वेगळ्या जातीचे राक्षस राहतात. चाळीतील बिऱ्हाडांसारखी ही राक्षसांची शेजारपाजार, असा त्यावर विनोद होत आला आहे. पण त्याच पुस्तकात गुहांमधील बायका आणि पोरांची संख्याही दिलेली आहे. गुहा खऱ्या वाटाव्यात म्हणून लेखकाने ती दिली. परिणाम असा, की बैठकीत प्रश्न उभा राहतो: यांचे काय करायचे? काही टेबलांवर हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो, काहींवर त्यावरून भांडणे होतात. ट्रेसी हिकमन यांनी एका भुयारात कारणाविना बसलेला रक्तपिपासू पाहिला आणि हा येथे काय करतो आहे, असे त्यांना वाटले. लॉरा हिकमन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये (१९८३) त्या रक्तपिपासूला स्वतःचा वाडा, स्वतःचे दुःख आणि स्वतःचा बेत मिळाला. भुयार खरे करायचे म्हणजे तेथे राहणाऱ्याला कारण द्यायचे. आणि एकदा कारण दिले, की त्याला मारून पेटी उचलणे पूर्वीइतके सोपे राहत नाही. सूत्रधाराने ही किंमत मोजण्याची तयारी ठेवूनच वास्तवाच्या मागे लागावे. ती नसेल तर सरळ श्वापदे आणि पेट्या ठेवाव्यात. त्यातही मजा आहेच.

आतून दिसणारे भुयार कसे असते, याची साक्ष पुन्हा नगरच्या किल्ल्यातच मिळते. मौलाना आझादांनी कैदेत लिहिलेली, पण तेव्हा धाडता न आलेली पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात पहाटेच्या चहाबद्दल सविस्तर मजकूर आहे आणि खोलीच्या छतात घरटी करून सतत कचरा पाडणाऱ्या चिमण्यांबद्दल एक संपूर्ण प्रकरणवजा पत्र आहे. आधी त्यांना हुसकण्याची मोहीम, मग हार, मग दाणे टाकणे आणि शेवटी मैत्री. भारतातील एक अग्रगण्य नेता, बाहेर ‘चले जाव’चे आंदोलन आणि महायुद्ध चालू, आणि कोठडीतला दिवस चिमण्यांशी तह करण्यात जातो. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. ते वृत्त याच तटाच्या आत पोहोचले. त्यांना जाता आले नाही. सीतारामय्यांनी येथेच रोजनिशी लिहिली, नेहरूंनी वाफे खणले. बंदिवासाची ही तीन वर्षे एखाद्या नकाशावर मांडायची झाली तर त्यात साखळदंड आणि सांगाडे दिसणार नाहीत; दिसेल ती चहाची किटली, चिमण्यांचे घरटे, वर्तमानपत्र येण्याची वेळ आणि मातीतून अर्धवट वर आलेले कमळ.

सूत्रधाराला याचा उपयोग अगदी साधा आहे. प्रत्येक दालनात कोण आहे हे लिहिण्याआधी, खेळाडू आले नसते तर आज संध्याकाळी तेथे काय चालले असते, हे एका ओळीत लिहावे. पहारेकरी देवडीत पत्ते खेळत असता. कैदी चिमणीला दाणे टाकत असता. स्वयंपाकी पाणी गढूळ का आले म्हणून कुरकुरत असता. मग खेळाडूंना येऊ द्यावे.

भुईकोट आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेत्यांना ठेवलेल्या खोल्या स्मारक म्हणून जपलेल्या आहेत. प्रवेश खुला असेल तेव्हा जाणाऱ्याने वही आणि पेन्सिल सोबत न्यावी. खंदकावरून आत किती पावले, दारापाशी पहाऱ्याची जागा कोठे, पाणी कोठून येत असे, वारा कोणत्या बाजूने येतो, कोणत्या खिडकीतून काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढे टिपून आणले तरी पुढच्या कित्येक बैठकींचा नकाशा तयार होतो.